बटणची जागा

ताईने बटणला दोन्ही हातांनी उचलून ट्रेमध्ये ठेवलं, त्याचा पुढचा पंजा आपल्या दोन बोटांत धरला आणि वाळू उकरून दाखवली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. मग पंजा सोडून ती स्वतः टेबलाखाली गुडघ्यांवर बसली आणि श्वास रोखून बघू लागली.

"आता बसेल," ती कुजबुजली.

"तू अशी डोळे फाडून बघत बसलीस तर माणसालासुद्धा होणार नाही," नवरा दारातून म्हणाला. बस डेपोत मेकॅनिक होता तो. कामावर निघायच्या आधी चहाचा कप हातात घेऊन हा रोजचा खेळ बघायची त्याला सवयच लागली होती.

"गप्प बसा हो. ते विचार करतंय."

बटणने खरोखरच विचार केला. तळहातावर मावेल एवढं ते करडं पिल्लू. कपाळाच्या मधोमध एक गोल काळा ठिपका, शर्टाच्या बटणासारखा. त्याने वाळू हुंगली. नाक मुरडलं. मग चिखलात पाय पडल्यासारखा एकेक पाय झटकत ते ट्रेबाहेर आलं आणि शेपटी उभारून बाहेरच्या खोलीकडे चालतं झालं.

"नापास," नवरा म्हणाला.

ताईने टेबलाखालून बाहेर येताना डोकं आपटून घेतलं, पण हार काही मानली नाही. या घरात तिने आजवर तीन मांजरं वळणाला लावली होती. हवालदार नावाचा धिप्पाड बोका आला तेव्हा पडद्यांवर फवारे मारायचा. काकू जुनी आणि तोऱ्यातली. सुतळी इतकी भित्री की ट्रेपर्यंत जायलाही तिला सोबत लागायची. तिघांनाही ताईने आठवड्याभरात सरळ केलं होतं, आणि ते ती पाहुण्यांना न विचारता सांगत असे. हे मूठभर पिल्लू मात्र तिला पुरून उरलं होतं.

बरं, करत नाही म्हणावं, तर खाऊनपिऊन ठणठणीत. मग करतं कुठे? ताईने सोफा ओढून पाहिला, फ्रीजमागे टॉर्च मारला, चपलांच्या कपाटात हात घालून पाहिला. ठिपका नाही, डाग नाही. कधीमधी एक पुसटसा वास नाकाशी येई आणि पकडायला जावं तर नाहीसा होई.

"हवेत विरत असेल," नवरा म्हणाला.

"चेष्टा सुचतेय तुम्हाला. रविवारी त्या बाई येणार आहेत."

त्या बाई म्हणजे एका मोठ्या हॉटेलच्या खरेदी विभागातल्या. ताई घरीच साबण करायची. मागच्या खोलीत छतापर्यंत फळ्या होत्या, आणि त्यांवर साच्यातून काढून कापलेल्या वड्या मुरायला, सुकायला ठेवलेल्या असत. यंदा तिने संत्र्याच्या सालीचा साबण केला होता आणि तो तिच्या मते आजवरचा सर्वांत उत्तम होता. वड्या कापताना उरणारे तुकडे ती वाया घालवत नसे. एका बादलीत ते गरम पाण्यात विरघळवून ठेवायचे आणि त्याच पाण्याने फरशी, पडदे, उशांचे अभ्रे, मांजरांचे ट्रे, सगळं लख्ख करायचं. घरात पाऊल टाकणारा प्रत्येक जण म्हणायचा, काय छान वास येतोय. ट्रे तर हल्ली इतके स्वच्छ राहत की सकाळी उपसायला काही नसायचंच. हाही त्या साबणाचाच गुण, असं ताईने ठरवून टाकलं होतं.

अशा घरात कुठेतरी मांजराने घाण केलेली आहे आणि ती सापडत नाही, या विचाराने तिचा जीव टांगणीला लागला होता. साबण वास ओढून घेतो. बाईंनी वडी नाकाला लावली आणि संत्र्यामागून भलतंच काही आलं, तर संपलं.

पण खरी काळजी तीही नव्हती. खरी काळजी धाकटीची होती.

धाकटी म्हणजे ताईची बहीण. लग्न मोडल्यावर "दोन आठवडे राहते गं तुझ्याकडे" म्हणून आली, त्याला कितीतरी महिने झाले होते. चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं तिचं काम. सकाळी सगळ्यांच्या आधी उठायची, बाहेरच्या खोलीतल्या दिवाणावरची चादर अशी घडी करायची की तिथे कुणी झोपलं होतं हे सांगूनही पटू नये. आपला कप आपण विसळायचा, आपले कपडे आपण धुवायचे, संध्याकाळी आल्यावर "काही मदत करू का" विचारायचं. भांडण नाही, हट्ट नाही. लहानपणी ताईच्या वेण्या ओढून पळणारी ही पोर इतकी शहाण्यासारखी वागते याचं ताईला कौतुक वाटे, आणि मधूनच ते खटकेही.

मग एके दिवशी दुकानामागच्या रिकाम्या खोक्यांत हे पिल्लू सापडलं. धाकटीने ते ओढणीत गुंडाळून आणलं, आणि जेवायच्या टेबलावर त्याने हवालदारच्या भल्यामोठ्या तोंडावर फिस्स केलं तेव्हा ती हसली. अशी तशी नाही, पोट धरून, पूर्वीसारखी हसली. ताई पोळपाट सोडून बाहेर आली होती ते हसू बघायला.

त्याच धाकटीने परवा, भांडी पुसता पुसता, अगदी सहज सांगितलं होतं:

"ताई, बटणचं मी बघितलंय. भावोजींच्या डेपोतला वॉचमन न्यायला तयार आहे. शनिवारी संध्याकाळी येईल."

"का? कुणी सांगितलं तुला?"

"तुझ्या बाई यायच्या आहेत ना. उगीच तुझ्या कामात आमचं काही नको." तिने पुसलेला चमचा जागेवर ठेवला. "मीपण एक खोली बघून ठेवलीय. दुकानाजवळच. छोटी आहे, पण ठीक आहे."

आमचं, म्हणाली ती. ताईने एक स्वच्छ ताटली उगाचच पुन्हा धुतली. पण त्या क्षणी तिने मनाशी कंबर कसली: शनिवारच्या आत या पिल्लाला ट्रेमध्ये बसवायचंच. ते राहिलं तर ही राहील. याला कारण काय, ते तिला सांगता आलं नसतं. पण खात्री होती.

तेव्हापासून घरात नुसती धामधूम होती. ताईने ट्रे बदलून पाहिला, बारीक वाळू आणून पाहिली, जाड वाळू आणून पाहिली. प्रत्येक वेळी आधी ट्रे बादलीतल्या साबणाने खसाखसा घासून घेतला. खाणं झालं की उचलायचं, झोपून उठलं की उचलायचं, खेळता खेळता थबकलं की उचलून धावायचं. एकदा तर फोनवर बोलता बोलता "होतंय, होतंय!" असं किंचाळून तिने फोन सोफ्यावर फेकला होता. पलीकडे तिला साबणासाठी तेल पुरवणारी बाई बराच वेळ हॅलो हॅलो करत होती. होत मात्र काहीच नव्हतं.

त्यात शुक्रवारी शेजारचे बँडमास्तर कुंपणाशी येऊन उभे राहिले. एकेकाळी लग्नाच्या वरातीत बँड वाजवायचे, आता फुलझाडं वाद्यांसारखी जपायचे.

"तुमच्या तीन पलटणी माझ्या वाफ्यात येतात," ते म्हणाले. "आधी तो जाड्या, मग म्हातारी, मग ती काटकुळी. रांगेत! माझी शेवंती गेली."

"माझी मांजरं?" ताई उसळली. "शक्यच नाही. माझी मांजरं ट्रे सोडून कुठे जात नाहीत. या, दाखवते ट्रे. आरशासारखे आहेत."

"मग वाफ्यात काय माझे नातेवाईक येतात का?"

ताईने आत येऊन धाडकन दार लावलं आणि दिवसभर धुसफुसत राहिली.

शनिवारी सकाळी धाकटी अंघोळीला गेली होती. बटण दूध पिऊन, तोंड पुसून, ठरल्या कामाला निघाल्यासारखं बाहेरच्या खोलीकडे निघालं. या वेळी ताईने त्याला उचललं नाही. ती गुडघ्यांवर, हातांवर, त्याच्या मागे रांगत निघाली. तिच्या मागे नवरा, हातात चहाचा कप, चवड्यांवर.

"आवाज करू नका," ताईने ओठांनीच सांगितलं.

बटणने दिवाणाखाली उडी घेतली. ताईने गाल फरशीला टेकवला. आत भिंतीलगत एक निळी कापडी बॅग होती. तिची चेन टोकाशी तुटलेली. त्या फटीतून पिल्लू आत शिरलं, गोल फिरलं, काहीतरी उकरल्याचा आवाज आला, आणि मग बॅगेतून फक्त कपाळावरचा काळा ठिपका आणि दोन अतिशय गंभीर डोळे दिसू लागले.

"सापडलं!" ताई ओरडली. आनंदाने तिने नवऱ्याच्या पायावर थाप मारली आणि चहा सांडला. "सापडलं हो! बॅगेत करतंय लबाड!"

बटण सटकलं. ताईने पोटावर सरकत जाऊन बॅग बाहेर ओढली. वर एक जुना पिवळा टॉवेल होता, ओला. ताईने तो लगेच ओळखला. रोज सकाळी दोरीवर हाच टॉवेल वाळत असायचा, आणि ताई मनात म्हणायची, किती स्वच्छ मुलगी आहे. टॉवेलखाली प्लॅस्टिकचा कागद, नीट चारी बाजूंनी दुमडलेला. तो कागद तिने उचलला आणि तिचा आनंद जिथल्या तिथे थिजला.

खाली सगळं होतं. घड्या घातलेले कपडे, सगळे. स्वेटर, बूट पिशवीत, औषधांची डबी, आईचा फोटो ओढणीत गुंडाळलेला. केसांच्या पिनासुद्धा डबीत भरलेल्या. उचलून चालू लागावं, अशी भरलेली बॅग.

ताई उठली आणि भिंतीतल्या कपाटाचं दार उघडलं. धाकटी आली त्या दिवशी तिने त्यातले दोन कप्पे रिकामे केले होते, नवा कागद अंथरला होता, आणि नंतर कधी ते उघडलं नव्हतं. दुसऱ्याच्या कपाटात डोकावू नये म्हणून. कागद अजून कोरा करकरीत होता. त्यावर एक शाल, बस.

"मी जरा हे पुसायचं फडकं आणतो," नवरा म्हणाला आणि शहाण्यासारखा आत निघून गेला.

धाकटी केस पुसत बाहेर आली आणि दारातच थांबली.

"तुला माहीत होतं?" ताईने विचारलं.

"हो."

"पहिल्यापासून?"

"दुसरीकडे कुठे केलं असतं तर तुझ्या साबणांना वास लागला असता. तिथे एकाच जागी करतं बिचारं. मी टॉवेल घातला. रोज धुते." ती केस पुसायच्या टॉवेलचं टोक बोटाला गुंडाळत होती. "चिडू नकोस."

"मी घरभर रांगतेय गं आठवडाभर! मला सांगायचं नाहीस?"

"सांगितलं असतं, तर तू बॅग उघडली असतीस."

ताईला रडू येत होतं आणि ते दिसू द्यायचं नव्हतं, म्हणून तिने हाताला लागला तो स्वेटर उचलून तोंडाला लावला. आणि तिथेच ती थबकली. नाक तिचं धंद्याचं होतं. मन कितीही भरून आलं तरी ते आपलं काम करत होतं. तिने पुन्हा हुंगलं.

"हा कशाने धुतेस?"

"दुकानाशेजारी मिळते, ती साधी वडी."

"घरात साबणाचे ढीग पडलेत आणि तू विकतची वडी आणतेस?"

"तुझे विकायचे असतात ना, ताई."

ती हे इतक्या साधेपणाने बोलली की ताईला कुणीतरी कानाखाली मारल्यासारखं झालं. मटकन दिवाणावर बसून तिने स्वेटर परत नाकाशी धरला. वास नव्हता. कसलाच नाही. तिने दिवाणावरची उशी हुंगली: संत्रं. पडदा: संत्रं. खाली वाकून फरशी हुंगली, मग आपली बाही, मग स्वतःची वेणीसुद्धा. संत्रं, संत्रं, संत्रं. अख्ख्या घरात वास नसलेली एकच जागा होती, ती म्हणजे ही बॅग.

"अगं बाई," ताई म्हणाली, आणि ताडकन उठली. "अहो! बँडमास्तर खोटं बोलत नव्हते!"

"काय?" नवरा फडक्यासकट धावत आला.

"ट्रे! ट्रे इतके स्वच्छ का राहतात सांगा? कुणी जातच नाही त्यात! मी रोज त्या साबणाने घासतेय आणि त्यांना तो वास सहन होत नाहीये. आपली तिन्ही बाहेर जातात त्यांच्या वाफ्यात. याला बाहेर जाता येत नाही, म्हणून याने आपली जागा शोधली!"

नवऱ्याने क्षणभर विचार केला. "म्हणजे नापास कोण झालं?"

"मी! झाली मी नापास. पाणी तापवा."

मग घरात जी धावपळ उडाली ती वरातीलाही लाजवील अशी. संत्र्याच्या पाण्याची बादली मोरीत रिकामी झाली. ट्रे नुसत्या कढत पाण्याने धुतले, पुन्हा धुतले, नवऱ्याने हुंगले, "अजून येतोय" म्हणाला, परत धुतले. अंगणात उन्हात वाळवले. फरशी साध्या पाण्याने पुसली. नवऱ्याने डेपोत आणि धाकटीने दुकानात फोन करून आज येत नाही म्हणून सांगितलं; अशी सुट्टी तिने आजवर कधी घेतली नव्हती. ताईने पिवळ्या टॉवेलचं एक न धुतलेलं टोक कापलं आणि बटणच्या ट्रेमध्ये वाळूखाली पुरलं.

"आपला वास असला की कळतं त्याला, आपलंच आहे म्हणून," ती म्हणाली. बोलली बटणबद्दल, पण बघत होती धाकटीकडे.

दुपारी वाळलेले ट्रे घरातल्या बोळात मांडून तिघंही भिंतीला टेकून, गुडघे पोटाशी घेऊन बसले. पहिला आला हवालदार. त्याने ट्रे हुंगला, आत उतरला आणि कितीतरी दिवसांची तक्रार असावी इतका वेळ बसून राहिला. मग काकू, कुणाकडेही न बघता. सुतळी दोनदा परत गेली, तिसऱ्यांदा आली. ताईने नवऱ्याचा हात इतका घट्ट धरला होता की तो कळवळला.

शेवटी बटण आलं. त्याने बॅग जिथे असायची तिकडे एकदा पाहिलं. बॅग तिथे नव्हती. मग ते आपल्या ट्रेकडे वळलं. हुंगलं. या वेळी नाक मुरडलं नाही. आत चढलं, गोल फिरलं, उकरलं.

कुणी श्वास घेतला नाही.

बटण बसलं. डोळे अर्धे मिटून, अत्यंत मानाने बसलं. मग उठून मागच्या पायांनी वाळू अशी उडवली की अर्धी बोळात आली.

"केलं!" ताई आणि धाकटी एकदमच किंचाळल्या. ताईने धाकटीला मिठी मारली, धाकटीने ताईची वेणी ओढली, आणि दोघी फरशीवर आडव्या पडून हसू लागल्या. ताईला इतका आनंद झाला होता की उद्या कुणी बाई यायच्या आहेत हे ती साफ विसरली होती. नवरा खिडकीतून ओरडला, "बँडमास्तर, पलटण परत आली!" आणि पलीकडून उत्तर आलं, "शेवंतीचं काय?"

डेपोतल्या वॉचमनला नवऱ्यानेच फोन केला. "मांजर नाही मिळायचं," तो म्हणाला. "कामाला लागलंय ते."

खोलीचं कुणी काही बोललं नाही. ताईने निळी बॅग रिकामी केली. आतलं सगळं दिवाणावर नीट मांडून ठेवलं, आईचा फोटो उशीवर. मग बॅग मोरीत नेऊन घासली आणि बाहेर दोरीवर टाकली.

रविवारी बाई आल्या. त्यांनी फळ्या पाहिल्या, संत्र्याची वडी नाकाला लावली, डोळे मिटले आणि अजून एक हुंगायला मागितली. जाताना दारात त्यांनी विचारलं, "घरात मांजर आहे का हो? माझ्या पर्समध्ये काहीतरी आहे." बटण होतं. झोपलेलं. बाई हसल्या, त्या अर्थी काम झालं होतं.

त्या गेल्यावर धाकटी दिवाणाशी उभी राहिली. कपड्यांचा ढीग कालपासून तसाच होता. कुठे ठेवायचा ते ठरत नव्हतं.

"ताई, बॅग वाळली का गं?"

"बघते."

ताई अंगणात गेली. ऊन सकाळपासून कडक होतं. तिने बॅगेवरून हात फिरवला, आत हात घालून पाहिलं. बॅग खडखडीत वाळली होती. आत कपाटाच्या दाराचा करकर आवाज झाला, आणि थांबला. ताईने इकडेतिकडे पाहिलं. कुंपणापलीकडे बँडमास्तर वाफा सारखा करत होते. त्यांनी मान वर केली आणि लगेच खाली घातली.

तिने नळाखालचा मग भरला आणि सगळा बॅगेवर ओतला. मग आणखी एक भरला.

"ताई?" आतून आवाज आला. "तुझी एक वडी घेऊ का? कपडे धुवायचेत. संत्र्याची नको, बटणला चालणार नाही."

"कुठलीही घे," ताई म्हणाली. "हवी ती घे."

"आणि बॅग?"

बॅगेच्या दोन्ही टोकांतून पाणी टपटपत होतं.

"ओली आहे गं अजून," ताई म्हणाली, आणि ते काही खोटं नव्हतं.